सावलीतल्या कोपऱ्यात फर्न लावायचंय? आधी नाशिकच्या मेचा विचार करा

बंगल्याच्या मागे, भिंत आणि कंपाउंडच्या मधे ती तीन-चार फुटांची बोळ असते ना, जिथे गुलाब येत नाही, मोगरा फुलत नाही आणि शेवटी जुन्या बादल्या नि उरलेल्या फरशा जाऊन पडतात, तिथे फर्न लावा. बारा महिने हिरवं. फक्त बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लावू नका, त्यांना चिंता बर्फाची, आपल्याला ती नाही. निफाडकडे फारच गारठलं तर पानं करपतील, पण मुळं शाबूत असली की परत फुटतं. आपल्याकडे फर्नचा जीव घेतो तो एप्रिल-मेचा कोरडा वारा.

म्हणून जागा डिसेंबरात बघून ठरवू नका. उत्तरेची बाजू म्हणजे सावली हे हिवाळ्यात बरोबर आहे, पण नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे 20-21 मेच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि मग जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारीही थोडा उत्तरेलाच असतो. एप्रिलमधे संध्याकाळचं आणि मेमधे तर जवळपास अख्ख्या दुपारचं तिरपं ऊन त्याच "सावलीच्या" भिंतीवर येतं आणि लोक म्हणतात पाणी तर रोज घालतोय मग जळलं कसं. तेवढे दोन महिने हिरवी शेडनेट बांधा, किंवा आंब्यासारख्या दाट झाडाची सावली पकडा. आणि एसीच्या आउटडोअर युनिटसमोर अजिबात नको, ती गरम हवा कुठलंच फर्न सहन करत नाही.

मातीचं म्हणाल तर आपली काळी माती तशीच वापरू नका, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. विटा लावून सहा-आठ इंच उंच वाफा करा, त्यात दोन घमेली कुजलेला पालापाचोळा, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत. लावताना जिथून पानं फुटतात तो गड्डा मातीच्या वरच राहू द्या, पुरला की कुजतो.

कुठलं लावायचं? सुरुवात नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियाने करा, नर्सरीत स्वॉर्ड फर्न म्हणून मागा. उपटून बघितलं तर मुळांना गोटीएवढ्या गाठी दिसतील, त्यात पाणी साठवलेलं असतं, म्हणून चार दिवस गावाला गेलात तरी ते तग धरतं. बोस्टन त्याचंच भावंड पण जरा लाडावलेलं. हॉली फर्नची पानं जाड, चकचकीत, कोरडी हवा बऱ्यापैकी झेलतात. बर्ड्स नेस्ट देखणं आहे, फक्त मधल्या वाटीत पाणी ओतू नका, कडेने घाला. हंसराज पावसाळ्यात त्र्यंबककडे दगडांच्या फटीत बघून मोह होतो पण तिथून उपटून आणू नका, त्यातले बरेच पाऊस संपला की सुकणारेच असतात. आणि ॲस्परॅगस फर्न हे फर्नच नाही, त्याला फुलं-फळं येतात, खऱ्या फर्नला कधीच येत नाहीत. लावायला हरकत नाही, उलट ऊन जास्त सोसतं.

पानामागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले की लगेच औषध मारू नका प्लीज. ते बीजाणू असतात, फर्नची पिल्लं त्यातूनच. कीड अशी शिस्तीत बसत नाही, ती कुठेही असते आणि नखाने खरवडली की चिकट लागते. तेल-साबणाचे फवारे नाजूक पानांना जाळतात, थोडी मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) असेल तर ओल्या कापसाने पुसून काढा.

पाणी सकाळी लवकर, बोट घालून वरचा थर कोरडा लागला की. स्प्रेने पानं भिजवून ओलावा दहा मिनिटं टिकतो, त्यापेक्षा झाडं जवळजवळ लावा, मधे पालापाचोळा पसरा आणि मेमधे आजूबाजूच्या विटा-फरशी दुपारी भिजवत जा. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं तपकिरी होतात, आरओचं वाया जाणारं पाणी तर त्याहून खारट, ते फरशी पुसायला ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी मात्र बादलीत धरा, त्यात क्षार जवळपास नसतात आणि ते नेमकं उन्हाळ्यातच भरपूर मिळतं.

पहिला चांगला पाऊस झाला की वाळकी पानं बुडापासून कापा, झुपका उपटून हाताने दोन-तीन भाग करा आणि लगेच लावून टाका, जून-जुलैत हमखास लागतात. खत पावसाळ्यातच, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. गोगलगायी तेव्हाच येतात, रात्री टॉर्च घेऊन वेचा.