वाकड्या बोटांना थोडी माया: टो-स्ट्रेचर मी कसा वापरते

"तुम्हाला बनियन आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. जन्मभर कपडे शिवणाऱ्या बाईला बनियन आहे म्हटल्यावर ती दुसरं काय करणार? मग त्यांनी माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेल्या टेंगळावर बोट टेकवलं आणि हसू जागच्या जागी विरलं. तिथे नुसता चादरीचा काठ घासला तरी कळ यायची.

हाड वाढलंय अशीच माझी समजूत होती, त्यामुळे मी ते टेंगूळ दाबत आणि चोळत बसायचे. एक्स-रे पाहिल्यावर उलगडा झाला. तिथे नवीन हाड फारसं आलेलं नसतं. अंगठ्याच्या मागचं, पावलातलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकतं आणि अंगठा उलट बाकीच्या बोटांवर कलतो. दोघांमधला सांधा मग दुमडलेल्या कोपरासारखा बाहेर येतो. टेंगूळ म्हणतो ते हेच, आणि डॉक्टरांच्या इंग्रजीत हेच 'बनियन'. एक्स-रेवर हा कल अंशांत मोजतात. साधारण 15 अंशांपर्यंत काळजी नसते, 20 पर्यंत सौम्य, 20 ते 40 मध्यम आणि 40 च्या पुढे गंभीर समजतात. माझा 24 भरला. आईचे पाय असेच होते, तिच्या आईचेही. हा कल घराण्यातून येतो, आणि निमुळत्या चपला त्यात भर घालतात. चपलांचा दोष माझाच, तिशीत मला टोकदार चपलांचं वेड होतं.

जाता जाता एक गंमत. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूला येणाऱ्या टेंगळाला इंग्रजीत 'टेलर्स बनियन' म्हणतात. जुने शिंपी दिवसभर मांडी घालून बसत, पावलाची बाहेरची कड जमिनीवर घासत राही, त्यावरून ते नाव पडलं. मी हाडाची शिंपी, आणि माझ्या वाट्याला मात्र चारचौघांचं टेंगूळ आलं.

आता स्ट्रेचरबद्दल, म्हणजे पायाच्या बोटांमध्ये अडकवून ती एकमेकांपासून दूर ठेवणाऱ्या साधनाबद्दल. आधी स्पष्ट सांगते, मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड स्ट्रेचरने जागेवर येत नाही. तसं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर पैसे पाकिटातच ठेवा. स्ट्रेचर घातला की एकमेकांवर चढलेली बोटं सुटी होतात, त्यांच्यामधलं घासणं थांबतं, आखडलेले स्नायू सैलावतात आणि दुखणं उतरतं. काढला की अंगठा हळूहळू पुन्हा कलतो. उरेब कापलेलं कापड हाताने ताणलं की लांबतं आणि सोडलं की बरंचसं परत येतं, तसंच हे. तरीही मी तो रोज घालते, कारण संध्याकाळी कटिंगच्या टेबलाशी उभं राहणं मला जमायला हवं.

घेण्याआधी बोटं तपासा. खुर्चीत बसून पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, वाकडं बोट चिमटीत धरून हलकेच सरळ करून पाहा. सरळ होत असेल तर ते अजून लवचीक आहे आणि स्ट्रेचरचा उपयोग होईल. मधला सांधा हातोडीसारखा वाकून तिथेच घट्ट झाला असेल, बोट जागचं हलत नसेल, तर जबरदस्ती करू नका. घट्ट सांधा ताणला की फक्त दुखतो. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, पायात रक्तपुरवठा कमी असेल, संधिवात किंवा गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल, बोटांमध्ये जखम असेल किंवा पायाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. बधिर पायाला दुखलेलं कळत नाही आणि जेलखाली फोड कधी आला तेही समजत नाही.

माझ्याकडे तीन प्रकार आहेत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये बसणारी छोटी जेलची पाचर, पाचही बोटांत अडकणारा फणीसारखा स्ट्रेचर, आणि अंगठा सरळ धरून ठेवणारा, रात्री बांधायचा बिजागरीचा स्प्लिंट. सुरुवात करणाऱ्याने मऊ सिलिकॉनची फणी घ्यावी. चिमटीत दाबल्यावर सहज दुमडली तर ती मऊ समजावी. कडक प्लास्टिकची मी एकदाच आणली होती. सध्या तिच्यात दोऱ्याची रिळं अडकवून ठेवते.

घालायची रीत सांगते. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग बोटांच्या बेचक्यांतलं पाणी नीट टिपून घ्या. ओल राहिली तर तिथली कातडी पांढरी पडून सोलते. बोटात काही घातलं असेल तर काढून ठेवा. त्यानंतर डाव्या हाताची बोटं उजव्या पायाच्या बोटांमध्ये गुंफा, पायाशी हातमिळवणी करावी तशी. एवढ्यानेच पहिल्या दिवशी माझ्या तोंडून 'आई गं' निघालं होतं. बोटं गुंफलेली ठेवूनच पाऊल हळूहळू वर-खाली आणि गोल फिरवा, मिनिटभर पुरे. हाही स्ट्रेचरच, आणि तो सगळ्यांकडे आहे. ज्याला हे सोसत नाही त्याने आठवडाभर एवढंच करावं, जेल नंतर.

मग फणी. आधी अंगठ्याचा खण बसवा, मग एकेक करत करंगळीकडे जा. जाताना अडलं तर चिमूटभर पावडर लावा. बेचक्याच्या तळापर्यंत रेटून कोंबू नका, किंचित जागा सुटलेली बरी. करंगळी बहुतेक वेळा निसटते. निसटली तर राहू द्या, दुसऱ्या आठवड्यात बसेल.

वेळेच्या बाबतीत माझी चूक तुम्ही करू नका. पहिल्याच दिवशी मी फणी घालून ब्लाउजला हातशिलाई करत बसले आणि दोन तास कसे गेले कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तळव्यात असे गोळे यायला लागले की मशीनच्या पायडलवर पाऊल टेकवेना. तेव्हापासून हिशेब ठेवला. पहिले तीन दिवस पाच मिनिटं, मग दर तीन-चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची, अर्ध्या तासावर थांबायचं. कोणी तासभरही घालतात, माझं अर्ध्या तासात भागतं. ताण जाणवावा, कळ नको. मुंग्या आल्या, बोट गार पडलं किंवा निळसर दिसलं तर लगेच काढा. खात्री करायची असेल तर नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे.

जाड फणी घालून चालू नका. पाऊल सपाट टेकत नाही आणि गुळगुळीत फरशीवर घसरायला होतं. बसूनच घाला, दिवसातून एकदा किंवा दोनदा.

काढल्यावर बोटं दहा-पंधरा मिनिटं सैल असतात. खरं काम तेव्हा करायचं आणि बहुतेक जण ते करत नाहीत. अंगठ्याला बाकीच्या बोटांपासून दूर ओढणारा एक स्नायू पावलाच्या आतल्या कडेने जातो. अंगठा वर्षानुवर्षं कललेला असला की तो स्नायू आपलं काम विसरतो. त्याला जागं करायचं. पाऊल जमिनीवर सपाट ठेवून फक्त अंगठा उचला, चार बोटं खालीच. मग उलट, अंगठा खाली आणि चार बोटं वर. पहिले काही दिवस डोकं हुकूम सोडतं आणि पाय ऐकत नाही. मी तर हाताने अंगठा उचलून त्याला दाखवत होते. प्रत्येकी दहा वेळा करा.

दुसरा प्रकार माझ्या शिवणाच्या डब्यातला. दोन इंच रुंद इलॅस्टिकचा एक पट्टा घेऊन त्याची टोकं जोडून गोल करा आणि तो दोन्ही अंगठ्यांत अडकवा. टाचा एकमेकींना चिकटवून जमिनीवर ठेवा आणि पावलांचे पुढचे भाग हळूच बाहेर फिरवा, घड्याळाचे काटे उघडावे तसे. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा करा. गुडघे फिरवू नका, फिरायचं ते पाऊल. इलॅस्टिक जरा ढिलंच ठेवा. घट्ट असलं की अंगठ्यावर करकोचा पडतो.

आता चप्पल-बूट, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. कपडा शिवताना आपण शिलाईसाठी माया सोडतो ना? पायाला तीच माया हवी. पेपर कटिंगच्या कागदावर दोन्ही पायांवर वजन टाकून उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा. स्वतः वाकून काढली तर वजन सरकतं आणि रेघ चुकते. मग त्या रेघेवर तुमचा बूट ठेवा. बुटाबाहेर रेघ दिसली की बोटं रोज किती दाबली जातात ते समोर दिसतं. माझी करंगळीची अख्खी बाजू चपलेबाहेर होती. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बाईला मी छातीत एवढा तंग ब्लाउज कधीच दिला नसता, आणि पायात मात्र तंग चपला घालून फिरत होते! बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. सगळ्यात लांब बोट म्हणजे नेहमी अंगठाच असतो असं नाही, माझं शेजारचं बोट लांब आहे.

पातळ पाचर बुटात घालून चालता येते, पण बूट रुंद असेल तरच. अरुंद बुटात पाचर अंगठ्याला सरळ करत नाही, ती शेजारच्या बोटाला ढकलते. मग त्याचं कुरूप घेऊन बसा.

रात्रीचा स्प्लिंट मी हिवाळाभर वापरला. बांधलेला असेपर्यंत अंगठा सरळ राहतो, सकाळी सोडला की परत फिरतो. पट्टा आवळून बांधला तर मध्यरात्री बधिर पायाने जाग येते, म्हणून बोट आत सरकेल एवढा ढिला ठेवा. सध्या तो कपाटात आहे.

फणी रोज साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, उकळू नका. चिकट झाली, चीर पडली की टाकून द्या. नखांना बुरशी असेल तर घरात वापरायला देऊ नका.

टेंगूळ लाल, गरम होऊन सुजलं, अंगठा शेजारच्या बोटाखाली गेला, किंवा मोकळे बूट घालूनही रोजचं चालणं अडायला लागलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. शस्त्रक्रिया दुखणं थांबावं म्हणून करतात. पाऊल सुंदर दिसावं म्हणून नाही, हे मला त्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

तीन महिन्यांनी त्याच कागदावर पुन्हा पाऊल ठेवून रेघ काढून घेतली. अंगठ्याशी नवी रेघ जुन्या रेघेवरच पडली, केसभर फरक नाही. त्या संध्याकाळी टेबलाशी उभं राहून सलग चार ब्लाउज कापले, मधे एकदाही खुर्ची ओढली नाही.