निकालाआधी प्रवेशाची यादी मागा

गरीब घरातल्या मोठ्या माणसांना पदवीपर्यंत नेणारे कार्यक्रम आता आपल्याकडे बरेच आहेत. कुठे बचत गटांचं फेडरेशन चालवतं, कुठे एखादा ट्रस्ट, कुठे कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. वर्षाअखेरीस अहवाल येतो: हार, फेटे, ग्रुप फोटो आणि ‘निकाल ९२ टक्के’. बीड, जालना, धाराशिव या पट्ट्यात असे अहवाल तपासायचं काम मी करते. तुम्हाला एखादा कार्यक्रम तपासायचा असेल, नाहीतर स्वतःचाच नीट चाललाय का ते बघायचं असेल, तर सुरुवात निकालापासून करू नका. प्रवेशाची यादी मागा.

समजा १२० जणींनी प्रवेश घेतला. ८० जणींनी परीक्षेचा फॉर्म भरला, ५० पेपरला बसल्या, ४६ पास झाल्या. संस्था ४६ ला ५० ने भागते आणि ९२ टक्के लिहिते. मी १२० ने भागते, ३८ येतात. सोयाबीनची उगवण बघायला गोणपाटात १०० दाणे ठेवतो, तेव्हा न उगवलेले दाणे वेचून टाकून आपण टक्के काढतो का? देणगी १२० जणींच्या नावावर आलेली असते, भागाकारही तेवढ्यांनीच करायचा. यादी ‘सापडत नाही’ म्हणाले, तर तेही अहवालात लिहा.

पुढची तीन वर्षं तीच यादी धरून चला. नव्या प्रवेशांची वही वेगळी ठेवा, नाहीतर नव्यांच्या गर्दीत जुन्यांची गळती झाकली जाते. दहावी-बारावीच राहिलेली बाई १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून सुरुवात करते. तिला पदवीपर्यंत पोचायला कितीतरी जास्त वर्षं लागणार, त्यामुळे तिचा हिशेब बारावी झालेल्या बाईच्या हिशेबात मिसळू नका.

आता दिसेनाशा झालेल्या नावांकडे वळा. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवते. त्यांच्यापुढे ‘आवड नाही’ असा शेरा दिसला की मी तारीख विचारते. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, परततात मार्च-एप्रिलच्या सुमारास. जानेवारीत गेलेल्या कार्यकर्त्याला दाराला कुलूप दिसतं आणि तो ‘आवड नाही’ लिहून मोकळा होतो. तुम्ही गुढीपाडव्यानंतर जा. ‘शिक्षण का सोडलं?’ असं विचारलं, तर बाई ओशाळते आणि ‘जमलं नाही’ एवढंच म्हणते. ‘उचल कधी घेतली होती?’ असं विचारा. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतल्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, धरला जातो. अभ्यासकेंद्राची संपर्कसत्रं, म्हणजे समोरासमोरचे वर्ग, बरोबर त्याच महिन्यांत ठेवली असतील, तर चूक वेळापत्रकाची आहे, आणि शेऱ्यातही तसंच लिहायचं.

दुसरं कारण कागदांचं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. राजपत्रात नाव बदलून घ्यायचं तर पैसे जातात, चार खेपा होतात आणि मजुरी बुडते ती वेगळीच. या कारणासाठी वहीत वेगळा रकाना ठेवा. दप्तरं वाटणाऱ्यापेक्षा हे काम उरकून देणारा कार्यक्रम मला कधीही जास्त कामाचा वाटतो, फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही. प्रवासाचंही बघा: मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तरीही भाड्याच्या नावाखाली पूर्ण रक्कम दाखवली असेल, तर पावत्या मागा.

सोडलेल्या सगळ्याच काही बुडाल्या असं नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र आणि दोन वर्षांवर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे, आणि कमावलेले श्रेयांक (क्रेडिट्स) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. तिचं खातं उघडलंय का, श्रेयांक चढलेत का, ते तिच्याच मोबाइलवर बघा. संस्थेनं स्वतः छापलेलं ‘प्रमाणपत्र’ या हिशेबात धरू नका.

मग अवघड प्रश्न येतो: कार्यक्रम नसता तरी यातल्या किती जणी पास झाल्या असत्या? मुळातच चुणचुणीत, घरचा पाठिंबा असलेल्या बायका निवडल्या की निकाल आपोआप चांगला येतो. जागा ६० आणि अर्ज १५० असतील, तर पात्र अर्जांच्या चिठ्ठ्या टाका. कुणाला अन्याय वाटत नाही आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्या तुलनेला मिळतात. त्यांनाही दरवर्षी फोन करायचा.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये सुरू केलेला ‘एसॅप’ कार्यक्रम असाच सोडत काढून तपासला गेला. फी, पुस्तकं, बस-मेट्रोचा पास आणि कमी विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार, अशी त्याची मदत होती. तीन वर्षांत तिथली दोन वर्षांची पदवी मिळवणारे ४० टक्के निघाले, सोडतीत नाव न आलेल्यांत २२. दर विद्यार्थ्यामागचा खर्च वाढला, पण दर पदवीमागचा कमी झाला. म्हणून मीही एकूण खर्चाला प्रवेश घेतलेल्यांनी भागते आणि पदवी मिळालेल्यांनीही भागते. स्वस्त वाटणारे बरेच कार्यक्रम दुसऱ्या भागाकारात महाग निघतात. तिथे कुठेच उसाचा हंगाम नव्हता, तेव्हा त्यांचे टक्के इथल्या संस्थेच्या डोक्यावर मारू नका. पद्धत तेवढी घ्या.

शेवटी पदवीचं पुढे काय झालं ते विचारा, पण लगेच नको, वर्षभरानं. आधी तिला पदवी कशासाठी हवी होती तेही विचारा. कुणाची नजर अंगणवाडीच्या मुख्यसेविकेच्या जागेवर असते, तिथे पदवी लागते. कुणाला फक्त मुलीच्या शाळेत सहीच्या जागी अंगठा उमटवायचा नसतो, आणि तिथून सुरू झालेली बाई बीएपर्यंत येते. पगार वाढला का, एवढाच रकाना असलेला फॉर्म घेऊन गेलात, तर ही बाई त्यात ‘लाभ नाही’ म्हणून नोंदली जाईल. तिच्यासाठी एक ओळ कोरी ठेवा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. अहवालात मात्र नावं घालू नका, गाव छोटं असतं.