पीसी हँग होऊन राहिला? आधी टर्मिनल उघडा
पीकविम्याचा शेवटचा आठवडा, सेंटरवर सकाळपासून लाईन, अन पीसी असा अडकला की एक सातबारा उघडायला पाच मिनिटं. रिपेअरवाला म्हणे मदरबोर्ड बदला. म्हटलं थांबा भाऊ, आधी पाहून तर घेऊ. पीसीवर विंडोजच्या जागी लिनक्स असंल तर टर्मिनलमधी, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, दुखणं कुठं आहे ते दोन-चार कमांडमधी समजते.

पहिली अपटाइम. शेवटचे तीन आकडे म्हणजे मागच्या 1, 5 अन 15 मिनिटांचा लोड, म्हणजे सरासरी किती कामं चालू होते नाहीतर लाईनीत होते ते. एनप्रॉक टाकून कोर, म्हणजे सीपीयूमधी काम करणारे हात, किती ते पाहा, 4 कोरवर लोड 3 असंल तर टेन्शन नाही, 9 असंल तर कामं तुंबून राहिले. पण या लोडमधी डिस्कची वाट पाहत अडकलेले प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रामबी मोजते, म्हणून लगेच सीपीयूवर खापर फोडू नका.

आता टॉप टाका. वर सीपीयूच्या ओळीत डब्ल्यूए दिसते, ते म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ. आमच्याकडं लोड 9, सीपीयूले काहीच काम नाही अन डब्ल्यूए 60 टक्क्यांच्या वर! कॅपिटल एम दाबलं की जास्त रॅम खाणारे वर येते, क्यू दाबून बाहेर.

मग फ्री, स्पेस, डॅश एच. इथं लोक फ्रीचा कॉलम पाहून घाबरते. अरे, रिकामी रॅम लिनक्स फाईलींच्या कॅशेसाठी, म्हणजे वाचलेल्या फाईली हाताशी ठेवायले वापरते अन गरज पडली की सोडून देते, तुम्ही अव्हेलेबल पाहा. आमचा 4 जीबीपैकी 150 एमबी उरला होता.

खात्री करायला व्हीएमस्टॅट, स्पेस, 1, स्पेस, 5. सेकंदाला एक अशा पाच ओळी येते, पहिली सोडून द्या, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी राहते. एसआय-एसओ म्हणजे स्वॅपमधून येणं-जाणं (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की तिच्या जागी वापरलेली डिस्कवरची जागा, म्हणूनच डिस्कची वाट पाहावी लागते), तिथं दर ओळीत मोठे आकडे येऊन राहिले तर रॅम पुरत नाही, बस. आमच्याकडं ब्राउझरचे चाळीसेक टॅब उघडे होते, बंद केले अन मशीन मोकळं झालं. नंतर 4 जीबी रॅम टाकली, मदरबोर्ड तोच आहे.

प्रोसेस मारायचीच असंल तर आधी साधी किल कमांड, किल डॅश नाइन, म्हणजे जबरदस्तीनं बंद करणं, अगदी शेवटी, कारण ती सेव्ह करायले वेळच देत नाही, शेतकऱ्याचा अर्धा भरलेला फॉर्म जाते.

हे सगळं ठीक असून मे महिन्यात स्लो होत असंल तर सेन्सर्स टाकून टेम्परेचर पाहा. आपल्याकडं पारा 45 च्या वर, त्यात पंख्यात धूळ अन कापसाचे तंतू, सीपीयू जास्त तापला की आपणच स्पीड कमी करते. पीसी बंद करून पंखा ब्रशनं साफ करा, मग परत आकडे पाहा.