कतारला निघताय? आधी कागदावरचं ‘बेसिक’ वाचा

दोह्यात उतरलो त्या रात्री लेबर कॅम्पात माझ्यापुढे दुसराच करार आला. मुंबईत ठरलेला पगार १२०० रियाल; या कागदावर बेसिक, म्हणजे मूळ पगार, ६००, बाकी सगळे भत्ते. एजंटाला ८५ हजार देऊन झाले होते, गावच्या पतपेढीचं कर्ज डोक्यावर होतं. सही केली. म्हणून आता खेडचा कुणी पोरगा निघाला की मी त्याला कागद घेऊन बसवतो.

जाहिरातीत ‘पगार १८००’ दिसला तर विचारायचं, यात बेसिक किती? कतारमध्ये २०२१ पासून किमान बेसिक १००० आहे. राहायची सोय कंपनीने केली नाही तर वर ५००, जेवण दिलं नाही तर ३००. म्हणजे राहणं-जेवण कंपनी देत नसेल तर ते १८०० ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने द्यावंच लागतं तेवढं. ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात, वर्षाला किमान तीन आठवड्यांची ग्रॅच्युइटीही बेसिकवरच.

एजंटाचा परवाना क्रमांक भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः बघा. त्याला ३० हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं; पावती मागा. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. दहावी झाली नसेल तर पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे कामासाठी बाहेर जायला सरकारची मंजुरी लागणारा; मग ते एमिग्रेशन क्लिअरन्स आणि विमा लागतोच. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं.

वेल्डर असाल तर ट्रेड टेस्टची, म्हणजे हातकामाच्या परीक्षेची, तयारी हाच खरा अभ्यास. ६जी या पाइप वेल्डिंगच्या चाचणीत पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, फिरायचं आपण. रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, आर्गॉन वेल्डिंगने मारताना पाइपच्या पोटाखाली हात घाई करतो, आतून खळगा पडतो आणि एक्स-रेत तोच दिसतो. लोट्याच्या एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर फक्त ती खालची बाजू मारा.

मुंबईच्या कतार व्हिसा सेंटरात बोटांचे ठसे, मेडिकल आणि कराराची सही होते. सहीआधी बेसिकचा आकडा बोट ठेवून वाचा. प्रत्येक पानाचा फोटो घरी बायकोला किंवा भावाला पाठवा. कॅम्पात नवा कागद पुढे आला तर सही करू नका. तो फोटो घेऊन भारतीय दूतावासात जा.