कुत्र्या-मांजरांच्या दातांचा डिजिटल एक्स-रे: सॉफ्टवेअर बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

टेबलावर भूल दिलेला कुत्रा, तोंडात एक्स-रे टिपणारा सेन्सर आणि स्क्रीनवर ‘सेन्सर सापडला नाही’. ही चूक सगळ्यात महाग पडते. जागा प्राणी तोंडात सेन्सर ठेवू देत नाही, म्हणून दातांचा एक्स-रे भुलेखालीच होतो. सॉफ्टवेअरशी झटापटीत गेलेली दहा मिनिटं ही भुलेची दहा मिनिटं असतात आणि तेवढ्यात मांजराचं अंग गार पडायला लागतं. म्हणून भुलेचं इंजेक्शन भरण्याआधी चाचणी घ्या. सेन्सरवर कपाटाची किल्ली ठेवा, दोन मीटर लांब उभं राहून एक एक्स्पोजर द्या, म्हणजे एकदा किरण सोडा. किल्लीचे दाते कडेपर्यंत स्वच्छ दिसले, तरच पेशंट घ्या.

आधी ड्रायव्हर, मग सेन्सर

खोकं उघडलं की सेन्सर लगेच यूएसबीला लावायचा मोह होतो. मग विंडोज स्वतःच एखादा सर्वसाधारण ड्रायव्हर जोडून टाकतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसते. अशा वेळी ते उपकरण ड्रायव्हरसकट अनइन्स्टॉल करा, वायर काढा, संगणक रीस्टार्ट करा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून ड्रायव्हर बसवा आणि सगळ्यात शेवटी सेन्सर लावा. एकच पोर्ट ठरवून त्यावर रंगीत टेप चिकटवा, कारण पोर्ट बदलला की विंडोज कधीकधी तोच सेन्सर नवा समजतं.

बहुतेक सेन्सरना स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (त्या सेन्सरचे दोष भरून काढणारी नोंद) असते आणि ती सिरियल नंबरशी बांधलेली असते. सेन्सर बदलून आला पण फाइल जुनीच राहिली, तर प्रतिमेवर पट्टे आणि डाग येतात. फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

सेन्सर दिसतो, पण प्रोग्राममधून चालत नाही? ड्रायव्हर ट्वेनचा (उपकरणातून प्रोग्राममध्ये प्रतिमा आणणारी एक पद्धत) असेल तर तो ३२ बिटचा आणि प्रोग्राम ६४ बिटचा आहे का, ते बघा. ही जोडी थेट जुळत नाही. संगणकावरचं यूजरनेम देवनागरीत असेल तरी काही जुनी सॉफ्टवेअर फोल्डर उघडताना अडतात. त्यासाठी इंग्रजी नावाचं वेगळं खातं करून त्यात इन्स्टॉल करा.

दर थोड्या वेळानं सेन्सर ‘झोपत’ असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद करा. स्वस्त हब आणि लांब एक्स्टेन्शन वायर नकोच.

रेघा कुठून येतात

मराठवाड्यात भारनियमन आणि खालीवर होणारं व्होल्टेज धरूनच चालावं लागतं. लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होतो त्या क्षणी डेस्कटॉप बंद पडू शकतो, म्हणून चार्ज केलेला लॅपटॉप बरा. डेस्कटॉपच वापरत असाल तर त्याला यूपीएस हवाच.

प्रतिमेवर रेघा आल्या तर दोन-तीन प्रतिमा शेजारी लावून बघा. रेघ प्रत्येक वेळी त्याच जागी असेल तर दोष कॅलिब्रेशनचा किंवा सेन्सरचा. जागा बदलत असेल तर वायर किंवा वीज तपासा. चार्जर काढून बॅटरीवर एक प्रतिमा घ्या. रेघा गेल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर हे काम त्याच दिवशी करा, कारण तिथे प्रश्न प्रतिमेपुरता राहत नाही.

माणसांचा तक्ता कुत्र्याला लावू नका

माणसांच्या दंतवैद्यासाठी असलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर पशुवैद्यकीय तक्ता निवडा. मोठ्या कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. ट्रायडन ही प्राण्यांच्या दातांना तीन आकडी क्रमांक देण्याची पद्धत: पहिला आकडा जबड्याची बाजू सांगतो, पुढचे दोन दाताची जागा. तीत सुळ्याच्या क्रमांकाच्या शेवटी ०४ आणि पहिल्या दाढेच्या शेवटी ०९ येतं. मांजरात वरचा १०५ आणि खालचे ३०५, ३०६ नसतातच. डाव्या-उजव्या जोडीदारांचंही तसंच. एक आकडा सरकला की चांगला दात उपटला जातो.

प्रतिमा ‘नीट दिसावी’ म्हणून फ्लिपचं बटण दाबू नका. सेन्सरची पुढची बाजू किरणांकडे असते, त्यामुळे फक्त फिरवायची गरज असते. वरच्या दातांची मुळं वर, खालच्यांची खाली. उजव्या बाजूच्या दातांत नाक स्क्रीनच्या उजवीकडे यायला हवं.

कारवानी या शिकारी जातीच्या कुत्र्याचा जबडा लांब असतो आणि सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या भागापेक्षा लांब, मागे वळलेलं. दोन नंबरच्या (नेहमीच्या मापाच्या) सेन्सरवर ते एका प्रतिमेत मावत नाही, टोक कापलं जातं. मुळाचं टोक आणि दाताचा माथा वेगवेगळ्या प्रतिमांत घ्या. मूळ ताणून लांब किंवा आखूड दिसलं तर कोन चुकला आहे, ते कुठल्याही फिल्टरनं सुधारणार नाही.

फिल्टर फसवतात

शार्पन वाढवलं की दाताच्या कडेला काळी किनार उमटते आणि ती हाड झिजल्यासारखी दिसते. रोगाचं निदान फिल्टर न लावलेल्या प्रतिमेवरच करा. खालच्या जबड्यात पुढच्या उपदाढांच्या मुळाशी काळा गोल दिसला, तर तो हनुवटीच्या नसेचं छिद्र असू शकतो. कोन थोडा बदलून दुसरी प्रतिमा घ्या. डाग मुळापासून सरकला तर तो गळू नव्हे.

प्रतिमा रवाळ असेल तर एक्स्पोजर कमी पडलं आहे. ब्राइटनेस वाढवल्यानं रवा जात नाही, वेळ थोडी वाढवून पुन्हा घ्या.

सेन्सर जपा

भूल उथळ असताना सेन्सर तोंडात घालू नका, एका चाव्यात वायर जाते. मांजराला स्प्रिंगचं माउथ गॅग (तोंड उघडं धरणारं साधन) लावू नका. तोंड जोरानं ताणलं गेलं की मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन मांजर आंधळं होऊ शकतं. सेन्सरला दर पेशंटला नवं प्लास्टिक कव्हर चढवा. तो ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) टाकू नका आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत ठेवू नका.

नावं आणि बॅकअप

गावात मोती आणि राजा ढिगानं असतात. म्हणून फाइल मालकाच्या मोबाइल नंबरवर उघडा, प्राण्याचं नाव त्यानंतर. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रतिमा पाठवताना डायकॉम फाइल (वैद्यकीय प्रतिमांचा ठरलेला फाइल प्रकार) द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाते आणि बारीक तपशील जातो. डॉक्युमेंट म्हणून जोडा. डेटाबेसची प्रत रोज बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून एखादी जुनी प्रतिमा दिसते का ते बघा.