मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार चालवायची मजा कशी घ्यायची

आजच्या पोर्शे 911 मध्ये 380 च्या वर एचपी, शंभरचा स्पीड चारेक सेकंदात, आणि आपल्या कोस्टल रोडवर लिमिट 80, बोगद्यात 60, म्हणजे गाडीला जरा कंठ फुटतोय तोवर ई-चलान हजर. त्यापेक्षा 1989 ची पहिली मझदा मियाटा बघा, 1.6 लिटर, 115 च्या आसपास एचपी, वजन जेमतेम टनभर. साठला पण हातापायांना काम असतं. म्हणून मुंबईकराला जुनीच जास्त मजा देते असं माझं ठाम मत, फक्त तिला चालवायचं तंत्र वेगळं.

रविवारी पहाटेच निघा. कार्ब्युरेटरवाली (जुन्या पद्धतीने पेट्रोल-हवा मिसळणारी) असेल तर चोक, म्हणजे थंड इंजिनला पेट्रोल जास्त देणारी ओढायची खुंटी, ओढून स्टार्ट करा, इंजिन गरम होईल तसा चोक आत ढकला, आणि टेम्परेचरचा काटा मधे आला म्हणून लगेच रेस देऊ नका, तो काटा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो, ऑइल गरम व्हायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. परत येताना ट्रॅफिकमध्ये काटा चढायला लागला तर एसी बंद, खिडक्या खाली, हीटर फुल. मे महिन्यात वेड्यासारखं वाटतं खरं, पण इंजिनची गरमी तेवढी कमी होते (शर्ट बदलायला ठेवा).

खरी मजा माळशेजसारख्या घाटात, तीही उतरताना. वळणाच्या आधी ब्रेक दाबायचा, क्लच दाबून तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकायचा आणि उजव्या पायाचा चवडा ब्रेकवरून न हलवता त्याच पावलाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला हलकी थाप द्यायची, आरपीएम (इंजिनचे फेरे) वर आला की क्लच सोडायचा. जमलं तर धक्काच बसत नाही, नाही जमलं तर मागची चाकं कचकन ओढली जातात. आधी रिकाम्या सपाट रस्त्यावर हात बसवा. नव्या गाड्या ही थाप स्वतःच देतात, तिथेच निम्मी गंमत जाते.

जुन्या गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. ब्रेक एकदम दाबला की चाक लॉक, मग स्टिअरिंग कितीही फिरवा गाडी सरळच जाणार, तेव्हा पाय किंचित सैल करायचा. पहिल्या पावसात तर गाडी काढूच नका.

टायर रुंद घालायचा मोह आवरा, स्टिअरिंग जड होतं. टायरवरचे चार आकडे बघा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, इतका जुना रबर कडक झालेला असतो.

नवीच ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड लावा, म्हणजे गिअर आपण बदलायचे, बाकी फार काही करता येत नाही.

आणि ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, मेकॅनिककडून बदलून घ्या, चालवताना पेट्रोलचा वास आला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि टो करूनच न्या.