कानबाईचे फोटो मंगळवारी

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई ही देवी बसते. आम्ही जळगावचं घर बंद करून अमळनेरकडच्या आमच्या गावी जातो, सगळी भाऊबंदकी जमते. पूर्वी कुलूप लावलं की रिक्षातच व्हॉट्सॲपवर माझं स्टेटस पडायचं, 'निघालो गावाला!' आता सोमवारी विसर्जन झालं, घरी परतून देवाजवळ दिवा लावला, की मंगळवारी नैवेद्याच्या रोटांचे, फुगड्यांचे फोटो टाकते. तुम्हीही तसंच करा. घर रिकामं आहे ही खबर आपल्याच हातानं देऊ नका.

आधी फोनमधली नावं वाचून काढा. ज्याचा नंबर आपल्याकडे आणि आपला त्याच्याकडे सेव्ह असतो, त्याला आपलं स्टेटस दिसतं. माझ्या यादीत जुना भाडेकरू होता, एकदाच आलेला प्लंबर होता, कुठल्या तरी लग्नात भेटलेला डेकोरेशनवाला होता. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात स्टेटस उघडा. काही लोक वगळता येतात किंवा मोजकेच निवडता येतात. मी 32 माणसं निवडली. हा बदल पुढच्या स्टेटसला लागू होतो, आधीच टाकलेल्याला नाही.

दहावीची मार्कशीट टाकू नका. बोर्डाचा निकाल बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून उघडतो, आणि मार्कशीटवर दोन्ही छापलेलं असतं. टक्के लिहा, पेढ्यांचा फोटो टाका. रेल्वेच्या तिकिटावरचा 10 अंकी पीएनआरही झाका. त्यावरून गाडी, तारीख, डबा सगळं कळतं.

आता जे मला सर्वांत जास्त लागलं ते सांगते. सासूबाई दवाखान्यात होत्या. हाताला सलाईन, केस विस्कटलेले, डोळे मिटलेले. 'लवकर बऱ्या व्हा' लिहून मी तो फोटो टाकला. माया होती, पण त्यांना विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या फोनवर त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "मना असा फोटू गावभर कसाले दखाडा?" म्हणजे, माझा असा फोटो गावभर कशाला दाखवला? ज्या बाईनं डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, तिला मी तशी सगळ्यांसमोर ठेवली होती.

अशी चूक झालीच तर 24 तासांनी जाईल म्हणून बसू नका. आधी पाहणाऱ्यांची नावं बघून ठेवा, कारण काढल्यावर ती दिसत नाहीत, आणि लगेच काढा. आमचा फोटो दोन ग्रुपवर पुढे गेला होता. मी एकेकीला फोन केला, आढेवेढे न घेता सांगितलं, 'माझं चुकलं, आईंना आवडलेलं नाही, तुमच्याकडून काढून टाका.' सहा फोन झाले, कुणीही नाही म्हटलं नाही. मग दवाखान्यात जाऊन आईंना सांगितलं, कुठून कुठून काढला ते. त्यांनी नावं विचारली, मी सहाही घेतली.